कर्करोगावर जर्दाळूच्या बिया : दावा आणि वस्तुस्थिती



ज्वारीचे पीक गुडघाभर झाले, पावसाने ओढ दिली आणि अशा सुकत चाललेल्या पिकात गाय किंवा म्हैस शिरली, तर काय होते हे आपणांस सांगायला नको. जनावर थोड्याच वेळात अस्वस्थ होते, जोरजोराने श्वास घेऊ लागते, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात. ते आडवे पडून झटके देते आणि अनेकदा पशुवैद्यक पोहोचण्याआधीच दगावते. यालाच आपण किराळ लागली असे म्हणतो. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचा घटक असतो. पाने चघळली गेली की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजेच सायनाइडचे विष सुटते. म्हणूनच ज्वारीचा हिरवा चारा पीक फुलोऱ्यात आल्यावर कापावा, पाण्याचा ताण बसलेले पीक आणि कापणीनंतर आलेले कोवळे फुटवे जनावरांस चारू नयेत, अशी शिफारस केली जाते.

हेच विष माणसाला कर्करोगावरील औषध म्हणून दिले जाते असे कोणी सांगितले, तर आपला विश्वास बसणार नाही. परंतु जर्दाळूच्या बीमधील कडू गर, त्याचे चूर्ण किंवा त्याच्या अर्काच्या गोळ्या ‘जीवनसत्त्व बी-१७’ या नावाने जगभर विकल्या गेल्या आणि आजही विकल्या जातात. मोबाईलवरील संदेशांतून ही माहिती आता आपल्या खेड्यांतही आली आहे. मेळाव्यात माती परीक्षणाची चर्चा संपली की एखादे शेतकरी बंधू बाजूला येऊन हळू आवाजात विचारतात, “सर, घरी पेशंट आहे. ह्या बियांचा उपयोग होतो का?”

रोगाचा उपचार हा डॉक्टरांचा विषय आहे आणि त्यात आम्ही कृषिविद्येच्या शिक्षकांनी लुडबूड करू नये, हे मान्य. परंतु बियांतील विष हा आमचा विषय आहे. एखादी गोष्ट गुणकारी आहे की नाही हे चाचणी घेऊन कसे ठरवावे, हाही आमचाच विषय आहे. या दोन अंगांनी या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

बीमध्ये असते काय?

जर्दाळूचे फळ आपल्याकडे पिकत नाही. ते लडाख, काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडच्या डोंगराळ भागात पिकते. आपल्याला ओळख आहे ती सुकामेव्याच्या दुकानातील वाळलेल्या जर्दाळूची. गर खाऊन झाल्यावर टणक बी दगडाने फोडायची आणि आतला बदामासारखा गर खायचा, हा मुलांचा आवडता उद्योग. हा गर बहुधा गोड असतो, पण एखादा कडूजहर निघतो आणि मूल तो थुंकून टाकते. मुलाने केले ते अगदी योग्य असते.

हा कडूपणा अमिग्डालिन नावाच्या घटकाचा आहे. रोबिके आणि बुत्रों या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तो १८३० साली कडू बदामातून प्रथम वेगळा केला. जर्दाळू, पीच, आलुबुखार, चेरी आणि सफरचंद यांच्या बियांतही तो कमी-अधिक प्रमाणात असतो. बी अखंड असेपर्यंत अमिग्डालिन एका कप्प्यात आणि त्याचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असते. बी चावली, कुटली किंवा वाटून पाण्यात कालवली की दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून साखर, बदामाचा वास देणारे बेंझाल्डिहाइड आणि सायनाइड अशा तीन वस्तू तयार होतात. एक ग्रॅम अमिग्डालिनपासून सुमारे ५९ मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्ल सुटू शकते.

ज्वारीच्या धुरीनचीही रीत हीच आहे. किडीने किंवा प्राण्याने कोवळा भाग कुरतडला की विष सुटावे, अशी ही वनस्पतीची संरक्षण व्यवस्था आहे. जवस, कसावा आणि बांबूचे कोंब यांतही याच जातीचे घटक आढळतात. कोकणात बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते, चिरून पाण्यात ठेवतात, उकळतात आणि ते पाणी फेकून देतात. जुन्या बायकांना सायनाइडचे नाव ठाऊक नव्हते, पण पाणी फेकायचे एवढे पक्के ठाऊक होते. कडू बी नाकारून गोड बी निवडणे हेही माणसाने हजारो वर्षे केलेले काम आहे. आज आपण खातो तो गोड बदाम म्हणजे त्या निवडीचेच फळ होय.

जेथे जर्दाळू पिकतो तेथील बागायतदारही या बाबतीत दक्ष असतात. लडाखमध्ये गोड गराच्या जर्दाळूला ‘न्यारमो’ आणि कडू गराच्या जर्दाळूला ‘खांते’ अशी वेगळी नावे आहेत. तेथील ‘रक्तसे कार्पो’ या पांढऱ्या बीच्या, गोड गराच्या जर्दाळूला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिमाचलात जंगली जर्दाळूला चुली म्हणतात आणि तिच्या गराचे तेल काढतात. अमिग्डालिन पाण्यात विरघळणारे असल्यामुळे ते तेलात फारसे न उतरता पेंडीत राहते. म्हणून ही पेंड निर्विष केल्याशिवाय जनावरांना घालता येत नाही. जी पेंड गाईलाही घालता येत नाही तिच्यातील घटक आजारी माणसाला द्यावा असे सांगणाऱ्यांकडून भक्कम पुरावा मागणे रास्त आहे.

‘जीवनसत्त्व’ हे नाव आले कोठून?

अमिग्डालिन कर्करोगावर वापरून पाहण्याचा प्रयत्न रशियात १८४५ साली झाला. अमेरिकेत १९२० च्या दशकात ते गोळीच्या रूपात देऊन पाहिले गेले, पण फार विषारी म्हणून ते काम सोडून देण्यात आले. पुढे १९५० च्या दशकात अर्नेस्ट क्रेब्स नावाच्या पिता-पुत्रांनी त्याचेच एक रूप ‘लेट्राइल’ या नावाने पुढे आणले. पिता डॉक्टर होते, पुत्राकडे वैद्यकीय पदवी नव्हती. औषध म्हणून विकायचे तर ते सुरक्षित व गुणकारी असल्याचा पुरावा अमेरिकेच्या औषध प्रशासनास द्यावा लागतो. तो देता येईना, तेव्हा यास ‘जीवनसत्त्व बी-१७’ म्हणण्यास सुरुवात झाली. कर्करोग हा या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग आहे असेही सांगण्यात आले.

जीवनसत्त्व कशाला म्हणतात? जे शरीराला लागते, शरीर स्वतः पुरेसे बनवू शकत नाही आणि जे न मिळाल्यास ठरावीक रोग होतो, ते जीवनसत्त्व. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो, ‘क’ कमी पडले की हिरड्यांतून रक्त येते. अमिग्डालिन आयुष्यात कधीही न खाणाऱ्या माणसाला त्यामुळे कोणताही रोग होत नाही. बी-१७ हा नुसता लेबलाचा प्रकार आहे. खताच्या पोत्यावर कंपनीने काय छापले यापेक्षा पोत्यात नत्र किती टक्के आहे ते आपण पाहतो, तसेच येथे पाहावयास हवे.

विक्रीसाठी आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. काश्मीरच्या उत्तरेस, आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या हुंझा खोऱ्यातील लोक जर्दाळू व त्याच्या बिया खातात आणि म्हणून त्यांना कर्करोग होतच नाही, अशी ती गोष्ट आहे. तेथे जर्दाळू खातात हे खरे. पण ज्या काळात ही गोष्ट पसरली त्या काळी त्या दुर्गम खोऱ्यात कर्करोगाचे निदान करून त्याची नोंद ठेवणारे कोण होते? नोंद नाही म्हणजे रोग नाही असे होत नाही. आपल्याकडेही ग्रामीण भागातील कर्करोगाची पद्धतशीर नोंद सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली सुरू झाली. त्याआधी ‘आमच्या गावात हा रोग नाही’ असे बार्शीच्या परिसरातील गावेही म्हणू शकली असती.

चाचणीत काय निघाले?

नवीन वाण आला की आपण काय करतो? एकाच शेतात शेजारी-शेजारी वाफे पाडतो, काहींत नवीन वाण व काहींत नेहमीचा वाण लावतो, सर्वांस सारखे खत-पाणी देतो आणि उत्पादन मोजतो. वाफे एकदाच नव्हे तर तीन-चार वेळा आलटून-पालटून घेतो, कारण एखादा वाफा उकिरड्याच्या जागेवर असू शकतो. मोजणाऱ्याला कोणता वाफा कोणत्या वाणाचा हे ठाऊक नसेल तर आणखी चांगले. आपल्या आवडत्या वाणाचे कणीस डोळ्यांना थोडे मोठेच दिसते, हा विद्यार्थ्यांना शिकवताना आमचा दरवर्षीचा अनुभव आहे.

लेट्राइलच्या बाबतीत नेमके हेच घडले. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत १९७० च्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. एका ज्येष्ठ संशोधकांना काही प्रयोगांत रोगाचा फुफ्फुसांतील फैलाव कमी दिसला. इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. कोणत्या उंदरास काय दिले हे निरीक्षकास न सांगता घेतलेल्या प्रयोगानेही त्या निष्कर्षास दुजोरा मिळाला नाही.

लोकांची मागणी मात्र वाढतच होती. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९७८ साली देशभरातील डॉक्टरांना आणि हा उपचार करणाऱ्यांना पत्रे लिहिली, ‘आपल्याकडे गुण आलेले रुग्ण असतील तर त्यांची कागदपत्रे पाठवा.’ त्या देशात किमान सत्तर हजार लोकांनी लेट्राइल घेतले असावे असा अंदाज होता. त्यांतून प्रकरणे आली फक्त ९३. त्यांपैकी तपासता येण्याजोगी ६७ होती आणि गाठ पूर्ण गेलेले रुग्ण २ व काही अंशी कमी झालेले ४ निघाले. एवढ्यावरून होय किंवा नाही, दोन्ही म्हणता येईना. म्हणून प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणी घेण्याचे ठरले.

ही चाचणी मेयो क्लिनिकचे डॉ. चार्ल्स मोर्टेल यांच्या नेतृत्वाखाली चार मोठ्या रुग्णालयांत झाली आणि तिचे निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाले. एकूण १७८ रुग्णांना अमिग्डालिन देण्यात आले. त्याबरोबर या उपचाराचे पुरस्कर्ते सांगतात तोच आहार, तीच विकरे आणि तीच जीवनसत्त्वेही दिली गेली. म्हणजे ‘तुम्ही आमच्या पद्धतीने दिलेच नाही’ ही तक्रार करण्यास जागा नव्हती. रुग्ण अगदी शेवटच्या घटका मोजणारे होते असेही नाही. बहुतेकांची प्रकृती बऱ्यापैकी होती आणि सुमारे एकतृतीयांश रुग्णांनी पूर्वी केमोथेरपी घेतलेलीच नव्हती. परिणाम असा झाला, की एकही रुग्ण बरा झाला नाही. एका रुग्णाची गाठ काही आठवडे आकसली व पुन्हा वाढली. उपचार संपताना निम्म्याहून अधिक रुग्णांचा रोग वाढलेला होता आणि त्यानंतर सात महिन्यांनी तो सर्वांचाच वाढलेला होता. काही रुग्णांमध्ये सायनाइडच्या विषबाधेची लक्षणे दिसली आणि काहींच्या रक्तातील सायनाइड प्राणघातक पातळीच्या जवळ पोहोचले होते.

जाणकार वाचक येथे विचारतील, की या चाचणीत तुलनेचा वाफा कोठे होता? तो नव्हता, हे खरे आहे. पण पेरलेल्या वाफ्यात एकही रोप उगवले नाही, तर बियाणे वांझ आहे हे समजण्यास शेजारी दुसरा वाफा लागत नाही. उगवण झाली असती तरच पुढची तुलनात्मक चाचणी घ्यावी लागली असती. त्यानंतर कॉक्रेन या संस्थेने जगभरातील उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला व २०१५ पर्यंत तो दोनदा अद्ययावत केला. उपयोग होतो असे सांगणारा विश्वसनीय पुरावा नाही आणि धोका मात्र आहे, हाच त्याचा निष्कर्ष आहे.

या उपचाराचा सिद्धांतही तपासला गेला आहे. कर्करोगाच्या पेशीत अमिग्डालिन फोडणारे विकर भरपूर असते व सायनाइड निकामी करणारे ऱ्होडानीज हे विकर नसते, म्हणून फक्त रोगी पेशी मरते, असा तो सिद्धांत. मोजून पाहता अमिग्डालिन फोडणारे विकर रोगी व निरोगी दोन्ही पेशींत अत्यल्प निघाले आणि ऱ्होडानीज दोन्हींत जवळपास सारखेच निघाले. तणनाशक पिकाला सोडून तणालाच मारते, कारण तसा फरक पिकात व तणात खरोखर असतो. येथे तो फरकच नाही.

‘अमक्याला गुण आला’

एवढे सांगूनही एक प्रश्न उरतोच. ‘आमच्या पाहुण्यांनी बिया खाल्ल्या आणि ते बरे झाले, त्याचे काय?’ पाहुणे खोटे बोलतात असे मुळीच नाही. पण थोडे खोलात जाऊन विचारल्यास बहुधा असे कळते, की त्यांचे ऑपरेशन आधीच झाले होते किंवा किरणोपचार चालू होते आणि बिया त्याबरोबर घेतल्या होत्या. मावा पडलेल्या पिकावर कोणी काहीतरी फवारले, दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि मावा धुऊन गेला. श्रेय मात्र फवाऱ्याला मिळाले. शिवाय ज्यांना गुण आला नाही ते सांगायला येत नाहीत. त्यांतील अनेक जण हयातच नसतात. अमेरिकेतील प्रसिद्ध नट स्टीव्ह मॅक्वीन यांनी मेक्सिकोत जाऊन घेतलेल्या उपचारांत लेट्राइलही होते. १९८० साली त्यांचे निधन झाले.

‘रोग शेवटच्या टप्प्यात आहे, मग घेऊन पाहायला काय हरकत?’ हा युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही झाला. न्यायालयाने १९७९ साली तो अमान्य केला. मरणासन्न रुग्णासही औषधाच्या सुरक्षिततेचे व गुणकारितेचे संरक्षण मिळालेच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. त्या वेळी तेथील वीसहून अधिक राज्यांनी लेट्राइलला मुभा देणारे कायदे केले होते, हेही सांगितले पाहिजे. मतदारांच्या आग्रहाने कायदा होतो, पण बीमधील रसायन त्यामुळे बदलत नाही.

खरे नुकसान होते ते वेळेचे. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तन, फुफ्फुस, मोठे आतडे व पुरःस्थ ग्रंथी यांचा, शरीरात दूर न पसरलेला कर्करोग असलेले रुग्ण घेतले होते. ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपाय केले त्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या तुलनेत अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. म्हणजे ज्या बाईची गाठ लवकर लक्षात आली, जी ऑपरेशनने वाचण्याची चांगली शक्यता होती, तिचेच सर्वांत मोठे नुकसान झाले. उगवणीनंतर पंधरा दिवसांत करायची खुरपणी दोन महिन्यांनी करून कसे चालेल?

किती बिया म्हणजे जास्त?

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली एका वेळच्या सेवनासाठी सायनाइडची सुरक्षित मर्यादा ठरवली. ती शरीराच्या दर किलो वजनास २० मायक्रोग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसास हे १.२ मिलिग्रॅम होते. जर्दाळूच्या तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बियांनी किंवा मोठ्या बीच्या अर्ध्याहून कमी भागानेही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहान मुलास तर एक लहान बीही जास्त होते. आणि विक्रेते काय सांगत होते? निरोगी माणसाने रोज १० व कर्करोगाच्या रुग्णाने रोज ६० बिया खाव्यात! ऑस्ट्रेलियात कच्च्या जर्दाळू बियांच्या किरकोळ विक्रीवर २०१५ च्या अखेरीस बंदी आली आणि युरोपीय संघाने २०१७ साली बियांतील हायड्रोसायनिक आम्लावर किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

यात आणखी एक अडचण आहे, ती आपणांस लगेच पटेल. झाडागणिक, जातीगणिक व हंगामागणिक बियांतील अमिग्डालिनचे प्रमाण बदलते. काल दहा बिया पचल्या म्हणून आजच्या दहा पचतीलच असे नाही. चूर्णात तर कडू-गोड बियांची सरमिसळ झालेली असते. तेथे मात्रा ठरवणार कशी?

पोटातून घेतलेले अमिग्डालिन हे शिरेतून दिलेल्या अमिग्डालिनपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते, कारण ते फोडणारे जिवाणू आपल्या आतड्यांत असतात. गाय-म्हैस ज्वारीच्या विषास लवकर बळी पडते ती याच कारणाने, तिच्या पहिल्या पोटातील जिवाणू विष झपाट्याने मोकळे करतात. सोबत ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतल्यास धोका वाढतो, आणि या उपचारात त्या अनेकदा बरोबरच दिल्या जातात.

सायनाइड पेशीला प्राणवायू वापरू देत नाही. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशी उपाशी राहते. म्हणूनच किराळ लागलेल्या जनावराचे रक्त लालभडक दिसते. यकृतातील ऱ्होडानीज थोडे विष निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकते, पण त्यासाठी गंधक लागते व ते प्रथिनांतून मिळते. जनावरास पशुवैद्यक सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन देतात ते हे गंधक पुरवण्यासाठीच. आता कर्करोगाचा रुग्ण डोळ्यांपुढे आणावा. त्याची भूक गेलेली, अंगावरचे मांस झडलेले, प्रथिने कमी पडलेली. निरोगी माणूस जेवढे विष पचवील तेवढेही हा रुग्ण पचवू शकत नाही. आफ्रिकेत दुष्काळाच्या काळात नीट न धुतलेला, न मुरवलेला कसावा खाणाऱ्या, प्रथिनांची कमतरता असलेल्या लोकांचे पाय कायमचे लुळे पडतात. कोंझो असे या व्याधीचे नाव असून मोझांबिकमध्ये १९८१ साली तिची मोठी साथ आली होती. थोडे-थोडे विष रोज घेतल्यानेही नसांचे नुकसान होते ते असे.

सीताफळ व लक्ष्मणफळ

जर्दाळू दूरचा झाला. सीताफळ आपल्या बांधावरचे आहे. त्याच्या आणि लक्ष्मणफळाच्या पाना-बियांबद्दलही असेच दावे केले जातात. या कुळातील झाडांत असिटोजेनिन वर्गाचे घटक असतात व प्रयोगशाळेतील बशीत ते कर्करोगाच्या पेशी मारतात, एवढे खरे. पण बशीत पेशी मारणे सोपे असते, रॉकेल टाकले तरी त्या मरतात. हेच घटक किडी व उवाही मारतात आणि निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्यास लावताना डोळ्यांत जाऊन बुबुळास इजा झाल्याची प्रकरणे आपल्या देशात नोंदली गेली आहेत. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप बेटावर लक्ष्मणफळ व त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखी मेंदूची व्याधी अधिक आढळल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पिकलेले सीताफळ जरूर खावे, बिया मात्र टाकून द्याव्यात. गर काढण्याच्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी बी फुटणार नाही असे पाहावे आणि बियांची पूड हाताळताना डोळ्यांवर चष्मा लावावा.

वनस्पतींपासून औषध मिळतेच की!

मिळते, आणि आम्ही शेतीवाल्यांनी त्याचा अभिमानही बाळगावा. अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे विन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असते. त्यापासून बनवलेली औषधे आतड्याच्या व अंडाशयाच्या कर्करोगावर देतात, आणि त्यापायी या झाडाची बेसुमार तोड झाली, ही वेगळी दुःखाची बाब. फरक एवढाच आहे, की या औषधांतील नेमका घटक वेगळा काढला गेला, त्याची मात्रा ठरवली गेली आणि रुग्णांवर चाचणी होऊन गुण दिसला. विन्क्रिस्टिन एका वेळी साधारणपणे दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, तेही शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून सदाफुलीची पाने चावून खाणे हा उपचार ठरत नाही. आयुर्वेदातही कुचला, बिब्बा यांसारख्या बिया शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. अमिग्डालिनलाही हीच संधी मिळाली होती, चाचणीत ते नापास झाले.

घरात रुग्ण असल्यास

तोंडातील तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, स्तनातील गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, गिळताना अडकणे, शौचातून रक्त यांपैकी काही दिसल्यास ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात तपासून घ्यावे. तंबाखू व मिश्रीचे व्यसन असणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावे. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत केली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा समावेश आहे. उपचार महाग म्हणून बियांकडे वळण्यापूर्वी या योजनेची चौकशी अवश्य करावी. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे कर्करोग रुग्णालय यांचा अनुभव आपल्या ग्रामीण रुग्णांना पूर्वीपासून आहे.

कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे हा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ अन्वये गुन्हा आहे. अशी जाहिरात दिसल्यास ती जपून ठेवावी व जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्यावी.

कोणी कडू बिया किंवा त्यांचे चूर्ण खाल्ल्यावर डोके दुखणे, चक्कर, उलटी, धाप, गोंधळल्यासारखे वागणे किंवा झटके ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. उरलेल्या बिया, पुडी किंवा डबी बरोबर न्यावी. सायनाइडवर उतारा आहे, पण काय खाल्ले हे डॉक्टरांना कळले तरच तो वेळेवर देता येतो.

ज्यांनी अशा बिया चालू केल्या आहेत त्यांनी, काहीही त्रास होत नसला तरी, डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे. ऑस्ट्रेलियात ६७ वर्षांचे एक गृहस्थ पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग परत येऊ नये म्हणून घरी केलेला जर्दाळू बियांचा अर्क व गोळ्या घेत होते. त्यांना काहीच त्रास जाणवत नव्हता. एका किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञास त्यांच्या प्राणवायूची पातळी कमी दिसली म्हणून रक्त तपासले, तेव्हा सायनाइड सुरक्षित पातळीच्या सुमारे पंचवीस पट निघाले. हे प्रकरण २०१७ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या बिया, दिवसाला किती, किती दिवसांपासून आणि सोबत कोणत्या गोळ्या, एवढे एका कागदावर लिहून केसपेपरला जोडावे.